मुंबईची सुधारणा आणि मजुरांचीं बिऱ्हाडें

मुंबई शहराच्या इतिहासांत गव्हर्नरांचीं, किल्ल्याचीं, गोद्यांचीं व गिरण्यांचीं वर्णनें पुष्कळ आढळतात. परंतु त्या गोद्यांत ओझीं वाहणारा आणि त्या गिरण्यांत साचे चालविणारा मनुष्य रात्रीं पाठ कोठें टेंकीत असे, याची चौकशी फारशी कोणीं केलेली दिसत नाहीं. सरकारलाही ती करावीशी पुष्कळ वर्षें वाटली नाहीं. अखेर वाटली ती प्लेगच्या भयानें.

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत काखेंत व जांघेंत गांठी येऊन माणसें पटापट मरूं लागलीं. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेगच होय, असें निदान अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं केलें. हिंवाळा संपतो न संपतो तोंच लक्षावधि लोक शहर सोडून कोंकणांत व देशावर निघून गेले. गिरण्यांना माणूस मिळेना. परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांकडे संशयानें पाहूं लागलीं. व्यापारावर गदा येतांच सुधारणेची निकड सर्वांस एकदम पटली, आणि लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकीर्दींत, सन १८९८ सालीं, कायदा होऊन ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या मोकळ्या करणें, नवे रस्ते पाडणें, समुद्र हटवून जमीन मिळविणें आणि गरिबांसाठीं आरोग्यकारक घरें बांधणें, हीं कामें त्याजकडे सोंपविण्यांत आलीं. पैकीं शेवटचें काम बहुधा मागेंच राहिलें.

त्या वेळचा समज असा होता कीं रोग कोंदट हवेंत व घाणींत उपजतो. म्हणून पश्चिम समुद्रावरील वारा वस्तींत खेळावा या हेतूनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते जुन्या आळ्या चिरीत काढण्यांत आले. उंदरांच्या पिसवांमुळें प्लेग पसरतो हें सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत १८९८ सालींच प्रयोगानें दाखविलें होतें. पण तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. तोंवर पडावयाचीं घरें पडून चुकलीं होतीं. उजेड व वारा नको असें कोणीच म्हणणार नाहीं, व ते रस्ते आजही शहराच्या उपयोगीं पडत आहेत. प्रश्न एवढाच कीं, त्या रस्त्यांच्या जागीं जीं बिऱ्हाडें होतीं तीं गेलीं कोठें?

ट्रस्टनें घर ताब्यांत घेतलें म्हणजे नुकसानभरपाई मिळे ती घरमालकास. भाडेकऱ्यास मिळे ती जागा सोडण्याची नोटीस. वास्तविक त्यानें दूर मोकळ्या हवेंत जाऊन राहावें अशी ट्रस्टची अपेक्षा होती. परंतु तो जाणार कसा? गोदींत रोजचें काम रोज पहांटे वाटलें जाई. जो दारांत उभा त्यालाच तें मिळे. गिरणीचा भोंगा होण्यापूर्वीं पायीं पोंचतां येईल एवढेंच अंतर मजुराला परवडे. शिवाय उधारीवर धान्य देणारा वाणी, काम लावून देणारा मुकादम आणि गांवचे चार लोक त्याच आळीच्या आसपास. तेव्हां पाडलेल्या चाळींतील माणसें पलीकडच्या गल्लींत शिरलीं, तेथील खोलींत पांचांच्या जागीं आठ झालीं आणि भाडें चढलें. ट्रस्टनें आग्रीपाडा, नागपाडा वगैरे ठिकाणीं चाळी बांधल्या हें खरें. पण पहिल्या वीस वर्षांत त्यानें पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक भरल्या. ट्रस्टच्या १४ विश्वस्तांत व्यापारी मंडळाचा, गिरणीमालकांचा व पोर्ट ट्रस्टचा प्रतिनिधि होता; भाडेकऱ्यांचा कोणी असावा हें कोणाच्या मनांतही आलें नसावें.

ट्रस्टचे पुढें अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांचा मात्र येथें आदरानें उल्लेख केला पाहिजे. सरसकट पाडापाडीचा खर्च व त्रास ओळखून त्यांनीं उजेडाचा प्रश्न भूमितीनें सोडविण्याचा यत्न केला. खोलीसमोरची इमारत ६३॥ अंशांच्या तिरप्या रेषेच्या वर जाऊं नये, असा त्यांचा नियम. साध्या भाषेंत, दोन इमारतींमधील मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक उंची नको. मजल्यांची हांव धरणाऱ्या मालकांना हा नियम किती रुचला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

ट्रस्टच्या ज्या योजना निर्विवाद यशस्वी झाल्या त्या दादर-माटुंग्याकडील. तेथें शेतें व माडांच्या वाड्या घेऊन प्लॉट पाडले. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी अशा टुमदार वस्त्या उभ्या राहिल्या. शहर सैल व्हावें म्हणून जी जमीन तयार झाली ती कारकून, वकील, मास्तर व डॉक्टर यांच्या पदरीं पडली. वाचकांपैकीं कित्येकांचे आजे-पणजे तेथलेच रहिवासी असतील. त्यांनीं कोणाचें हिसकावून घेतलें असें कोणी म्हणणार नाहीं, तरी योजना कोणाच्या नांवानें निघाली व लाभ कोणास झाला हें लपत नाहीं. पांढरपेशांनीं सहकाराचाही मार्ग चोखाळला. तळमकी यांच्या खटपटीनें १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वतांची गृहनिर्माण संस्था निघाली. या दोन्ही जगांतून गेलेला एकच पुरुष सांगावयाचा तर डॉ. आंबेडकरांचा सांगतां येईल. परदेशच्या मोठमोठ्या पदव्या घेऊन आल्यावरही ते परळच्या ट्रस्ट-चाळींत दोन खोल्यांत राहत होते; ‘राजगृह’ त्यांनीं बांधलें तें हिंदु कॉलनींत, म्हणजे ट्रस्टनेंच आंखलेल्या वस्तींत.

पहिल्या महायुद्धांत भाडीं इतकीं भडकलीं कीं १९१८ सालीं त्यांवर कायद्यानें नियंत्रण घालावें लागलें. मग गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० सालीं ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढलें. आठ वर्षांत ५०,००० खोल्या, असा त्यांचा संकल्प. पैसा कर्जाचा व शहरांत येणाऱ्या कापसाच्या गांठीमागें एक रुपया जकातीचा. झाल्या २०७ चाळी. वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर ३२ व शिवडीस १२. तळमजला धरून चार मजले, मजल्यास वीस खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, नळ व संडास सामाईक. सगळें काम सिमेंट-काँक्रीटचें.

आणि नवल असें कीं, जागेसाठीं तळमळणाऱ्या या शहरांत वरळीच्या चाळी वर्षानुवर्षें रित्या पडल्या! अधिकाऱ्यांना मजुरांचें हें वर्तन हट्टाचें वाटलें. पण कारणें उघड होतीं. भाडें जुन्या चाळींहून जड, कित्येक गिरण्या लांब, आसपास दुकान नाहीं, बाजार नाहीं. खोल्या किती हें सर्वांनीं मोजलें. मजुराच्या पगारांतून खानावळ, गांवची मनिऑर्डर व सावकार वजा जातां काय उरतें तें कोणीं मोजलें नाहीं. दहा माणसांनीं मिळून एक खोली घेतली तरच भाडें झेपे, आणि दाटी मोडण्यासाठींच तर ती खोली बांधलेली! सन १९३० च्या कायदेभंगांत सरकारला या चाळींचा एक उपयोग सांपडला: सत्याग्रह्यांसाठीं तेथें तात्पुरता तुरुंग केला. त्याच खात्याच्या बॅकबेच्या भरणीवर वीर नरिमन यांनीं उठविलेलें वादळ प्रसिद्धच आहे.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. ट्रस्ट १९३३ सालीं म्युनिसिपालिटींत विलीन झाला. १९४७ च्या कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविलीं. भाडेकरू वांचला, पण मालकानें डागडुजी सोडली आणि भाड्यानें देण्यासाठीं घर बांधणारा मनुष्यच मुंबईंतून हळूहळू नाहींसा झाला. ज्या वरळींत कोणी येईना, तेथें पागडी देऊन खोली घेण्याची पाळी आली.

आतां त्या चाळी पाडून उंच मनोरे उठत आहेत. सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. खर्च निघावयाचा तो त्याच जमिनीवर बाजारभावानें विकावयाच्या घरांतून. शिवडीच्या १२ चाळींची जमीन पोर्ट ट्रस्टची असल्यामुळें, ही योजना निघाली तेव्हां त्या तींतून वगळल्या गेल्या.