बेट्टा मासा : वनस्पतींनी बहरलेल्या लहान टाकीतील संगोपन

भारतीय बाजारपेठेत 'फायटर' या नावाने विकला जाणारा बेट्टा मासा मूळचा थायलंडचा आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० साली त्याला बेट्टा स्प्लेन्डेन्स हे शास्त्रीय नाव दिले. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. भातखाचरे व दलदलीतील उथळ, संथ आणि वनस्पतींनी भरलेले पाणी हे त्याचे नैसर्गिक वसतिस्थान होय.

कल्ल्यांच्या वर असलेल्या विशेष श्वसनेंद्रियामुळे हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेतो. त्यामुळे तो काचेच्या बरणीतही सुखाने राहतो, असा समज रूढ झाला आहे. मात्र तो चुकीचा आहे. माशाच्या उत्सर्जनातून व उरलेल्या अन्नातून निर्माण होणारा अमोनिया पाण्यातच साठतो. पाणी थोडे असल्यास त्याचे प्रमाण झपाट्याने वाढून कल्ल्यांना इजा होते व मासा दगावतो.

दाट जलवनस्पती हा यावरील नैसर्गिक उपाय आहे. वाढीसाठी त्या अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात, तसेच माशाला आडोसा देतात. ४५ सें.मी. लांब, २५ सें.मी. रुंद व तितक्याच उंचीच्या टाकीत २० सें.मी. पातळीपर्यंत पाणी भरल्यास ते सुमारे २२ लिटर होते. एका बेट्टासाठी ते पुरेसे आहे. मासा उडी मारत असल्याने टाकीवर झाकण असावे.

जावा फर्न व अनुबियस या वनस्पती कमी प्रकाशातही वाढतात. त्यांचे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. दगडाला वा लाकडाला दोऱ्याने बांधावे. क्रिप्टोकोराइन मात्र वाळूत लावावी. तरंगत्या वनस्पतींनी संपूर्ण पृष्ठभाग व्यापू देऊ नये, कारण माशाला श्वासासाठी मोकळी जागा हवी. दररोज ७ ते ८ तास प्रकाश पुरेसा ठरतो.

अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू टाकीत स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. त्यानंतर पाण्याची चाचणी करून अमोनिया व नायट्राइट शून्य असल्याची खात्री झाल्यावरच मासा सोडावा. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. उत्तर भारतातील हिवाळ्यात त्यासाठी हीटर आवश्यक ठरतो. दर आठवड्यास सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे व नव्या पाण्यातील क्लोरीन आधी औषधाने नाहीसे करावे. गाळणयंत्राचा प्रवाह मंद ठेवावा, कारण लांब परांमुळे बेट्टाला जोरदार प्रवाहात पोहणे कठीण जाते.

दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांना गंभीर जखमी करतात. अन्न दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. अशी निगा राखल्यास हा मासा साधारणतः ३ वर्षे जगतो.