कापलेला नकाशा

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांना सांभाळण्या-शिकवण्यासाठी १७६२ साली लेडी शार्लट फिंच यांची नेमणूक झाली. पुढची तीसेक वर्षं त्यांनी हे काम केलं. त्यांच्याकडचं महॉगनीचं एक कपाट तिथल्या संग्रहालयांनी आजही जपून ठेवलं आहे. त्याला उथळ खण आहेत आणि त्यांच्यात तुकडे केलेले लाकडी नकाशे. हे तुकडे जुळवत राजाची मुलं भूगोल शिकली. आपल्याकडे तिसरी-चौथीच्या वर्गात भारताची राज्यं जोडायचं जे पुठ्ठ्याचं नाहीतर फोमचं पझल फिरतं, त्याचं कूळ शोधत मागे गेलं की या खणांपाशी पोचतो.

कपाटातले काही नकाशे जॉन स्पिल्सबरी याचे. हा लंडनचा नकाशे कोरणारा कारागीर. राजाचा नकाशेकार टॉमस जेफ्रीझ याच्या हाताखाली तो काम शिकला आणि पुढे ड्रुरी लेनजवळच्या रसेल कोर्टात त्यानं स्वतःचं दुकान मांडलं. १७६३च्या एका व्यापारी सूचीत त्याच्या नावापुढे धंदा दिला आहे तो असा, की हा कोरीव काम करतो आणि भूगोल शिकवणं सोपं व्हावं म्हणून लाकडावरचे नकाशे कापून देतो. मनोरंजनाचा तिथे उल्लेखही नाही. १७६९ साली, जेमतेम तिशीत, तो गेला. त्याच्या पत्नीनं धंदा पुढे चालवला.

बरीच वर्षं या नकाशांचा जनक म्हणून स्पिल्सबरीचंच नाव घेतलं जाई. पण त्याच्याही आधी, १७५०च्या दशकाच्या अखेरीस, लंडनमध्येच एक फ्रेंच बाई लाकडी नकाशे वापरून मुलींना शिकवत होत्या. त्या म्हणजे जान-मारी लप्रँस द बोमाँ. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची गोष्ट आज ज्या रूपात जगभर माहीत आहे, ते रूप १७५६ साली त्यांनीच दिलं. खानदानी घरांतल्या मुलींना वाचायला, विचार करायला, प्रश्न विचारायला लावणाऱ्या या शिक्षिकेच्या वर्गात हा नकाशा आधी वावरला आणि कारागिराच्या दुकानात मागाहून आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शिकवण्याच्या साधनांचा इतिहास लिहिताना दुकानदाराचं नाव टिकतं, कारण त्याच्याकडे छापील पाटी असते. वर्गातल्या बाईंचं नाव शोधून काढावं लागतं.

कल्पनेला जमीनही तयार होती. खेळातून शिकवावं असं जॉन लॉकनं १६९३च्या आपल्या शिक्षणविषयक पुस्तकात आग्रहानं मांडलं होतं. सहा वर्षांचंही न झालेलं एक मूल पृथ्वीच्या गोलावर विचाराल तो देश बोटानं दाखवतं, हे उदाहरणही त्यानं दिलं होतं. पॅरिसमध्ये पिएर द्युव्हाल यानं १६४५ सालीच देशांच्या घरांतून सोंगट्या पुढे नेण्याचा खेळ छापला होता. नकाशा करवतीनं कापायचा, एवढी एकच गोष्ट लंडनच्या नकाशांत नवी होती.

कृती साधी होती. तांब्याच्या पत्र्यावरून नकाशा कागदावर छापायचा, हातानं रंगवायचा, महॉगनीच्या पातळ फळीवर चिकटवायचा आणि बारीक पात्याच्या करवतीनं देशांच्या सीमारेषांवरून कापायचा. आजच्या पझलसारखे एकमेकांत अडकणारे कान त्या तुकड्यांना बहुधा नसत. स्पेन फ्रान्सला नुसता टेकलेला असे. मेजाला धक्का लागला की युरोप विस्कटलाच. स्पिल्सबरीचे विषय मोजके होते: जग, तेव्हा मानले जाणारे चार खंड, इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड. यात एक स्वस्त प्रकारही मिळे. त्यात समुद्र नसे. निळा भाग गाळला की लाकूड वाचे, मजुरी वाचे आणि फक्त जमिनीचे तुकडे पेटीत येत.

करवत सीमेवरून फिरवायची, हा या साधनाचा सगळ्यात मोठा निर्णय त्या पहिल्या कारागिरांनी सहज घेऊन टाकला. रंग बदलतो तिथे कापणं सोपं. मुलाच्या हाताला मात्र त्यामुळे देश म्हणजे कडा असलेली, उचलून बाजूला ठेवता येणारी वस्तू वाटू लागली. ऱ्हाइन नदी, आल्प्स, बाल्टिकचा व्यापार यांपैकी काहीच तुकड्याच्या रूपानं हातात येत नाही. आणि कडा तरी किती टिकाव्यात? स्पिल्सबरीनं १७६०च्या दशकात कापलेल्या युरोपात पोलंड हा अंगानं मोठा तुकडा होता. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो वाटून घेतला. एखाद्या घरात थोरल्या भावंडानं पोलंड जागेवर बसवायला शिकून घेतलं असेल, तर धाकट्याच्या वेळी तो देशच नव्हता.

तोवर हे नकाशे बड्या घरांत इतके रुळले होते की ते येतात की नाही यावरून मुलाची पायरी ठरू लागली. जेन ऑस्टिनच्या १८१४ साली आलेल्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ कादंबरीत गरीब घरातून आलेल्या फॅनी प्राइसला तिच्या श्रीमंत मावस बहिणी हसतात, ते तिला युरोपचा नकाशा जोडता येत नाही म्हणून. दहा वर्षांच्या, घर सोडून आलेल्या मुलीला! भूगोल शिकवायला निघालेलं साधन मुलाला खाली बघायला लावू शकतं, हे ऑस्टिननं एका प्रसंगात नेमकं पकडलं.

त्याच सुमारास आपल्या भाषेत, पण महाराष्ट्रापासून फार दूर, जगाचा भूगोल शिकवण्याचा एक अगदी वेगळा प्रयोग झाला. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजानं सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, शाळा काढल्या, छापखाना घातला. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातून आलेली, हात पाहून भविष्य सांगणारी भटकी बाई आपण हिंडलेल्या मुलखांचं वर्णन गाते. सरफोजींच्या नाटकात हे वर्णन साऱ्या पृथ्वीचं होतं. खंड, देश, नगरं तिच्या तोंडून गात येतात.

मला या नाटकाचा अभिमान वाटतो, आणि मराठी शिक्षणाच्या चर्चेत त्याचं नाव क्वचितच निघतं याची खंतही. लंडनच्या खणात देश सुटे सुटे होते. तंजावरच्या रंगभूमीवर ते वाटेवर येत होते, एकामागून एक, चालणाऱ्या बाईच्या पायांखाली. तिला सीमा ओलांडावीच लागते, नाहीतर तिच्याकडे सांगायला काही नाही. मुलांना देशाचे प्रदेश शिकवताना प्रवासाची गोष्ट सांगायला लावणारा शिक्षक आजही हीच वाट धरतो.

पुढे लाकडाच्या जागी पुठ्ठा आला, साच्यानं एका दाबात सगळे तुकडे कापले जाऊ लागले आणि नकाशा सामान्य घरांत, शाळांत पोचला. मारिया माँटेसरींच्या साहित्यात त्याला नवं रूप मिळालं. प्रत्येक देशाला एक गुंडी, म्हणजे लहान बोटांनी तुकडा उचलावा, त्याच्या कडेवरून बोट फिरवावं, मग जागेवर ठेवावा. ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला आणि माँटेसरींचा विचार मराठी शिक्षकांपर्यंत नेला. कोसबाड या गावी मात्र त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी महागड्या पेट्यांवर विसंबणं सोडलं आणि पानं, बिया, शिंपले असं आजूबाजूला मिळेल ते हाताशी घेतलं. परिसरातून सुरुवात करायची ही दिशा मला कापलेल्या नकाशाइतकीच मोलाची वाटते.

सीमा बदलत राहण्याचं म्हणाल, तर भारताचं पझल बनवणाऱ्यालाही उसंत नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत १४ राज्यं झाली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. गोवा १९६१ अखेर भारतात आला आणि १९८७ साली राज्य झाला. २०००च्या नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड कापावे लागले, २०१४ साली तेलंगणा, २०१९ साली जम्मू-काश्मीर आणि लडाख. महाराष्ट्र जन्मला तेव्हा २६ जिल्ह्यांचा होता, २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ३६चा झाला. वर्गाच्या कपाटात जुनं पझल सापडलं तर ते टाकू नये. जुनं आणि नवं शेजारी ठेवून मुलांना फरक शोधायला लावावं. राज्य ही माणसांनी मागितलेली, भांडून मिळवलेली गोष्ट आहे हे त्यांना आपोआप दिसेल. आंध्र आणि तेलंगणाचे तुकडे बोटांनी वेगळे करणारं मूल ‘का?’ असं विचारतंच.

दुसरा प्रयोग करायला जाड पुठ्ठा आणि कात्री पुरते. महाराष्ट्र जिल्ह्यांवर न कापता पाण्यावर कापायचा. पहिली कात्री सह्याद्रीच्या माथ्यावरून. तिच्या पश्चिमेला कोकणची, अरबी समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांची पट्टी निघते. उत्तरेला तापीचा तुकडा, त्यात जळगाव आणि पूर्णेच्या खोऱ्यातलं अकोला येतं. सातपुड्यात नर्मदेची अगदी चिंचोळी कड. दक्षिणेला कृष्णा, त्यात सातारा, सांगली, कोल्हापूर आणि भीमेमुळे पुणे-सोलापूर. उरलेला सगळ्यात मोठा, राज्याचा जवळपास निम्मा भाग गोदावरीचा. नाशिक त्यात आहेच. मांजरेमुळे लातूर आणि नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता या माळेतून नागपूरही त्याच तुकड्यात येऊन बसतं. विदर्भ आणि मराठवाडा वेगवेगळ्या रंगांत पाहायची सवय झालेल्या मुलांना हे पटायला वेळ लागतो.

मग अडचण येते ती खरी मजेची. गोदावरीचा आणि कृष्णेचा तुकडा महाराष्ट्राच्या कडेला संपत नाही. कृष्णेचा तुकडा पुरा करायचा तर कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्राचा कागद जोडावा लागतो. २०१९च्या पुरात सांगलीत पाणी चढलं तेव्हा जिल्ह्यातल्या घराघरांत कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं नाव होतं. राज्यांच्या पझलमध्ये सांगली आणि आलमट्टी दोन निरनिराळ्या तुकड्यांवर पडतात. पाण्यावर कापलेल्या नकाशात ती एकाच पुठ्ठ्यावर आहेत, वितभर अंतरानं. आणि समुद्र कापून ठेवायलाच हवा. कोकणातल्या मुलाचा निम्मा परिसर तोच आहे. लाकूड वाचवण्यासाठी तो गाळण्याचं कारण आता उरलेलं नाही.