ओसाड ठरविलेल्या दफनभूमी : सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव



बेळगावच्या श्रोत्यांना दफनभूमी ही परकी गोष्ट नाही. मुसलमान व ख्रिस्ती बांधवांप्रमाणे लिंगायत समाजातही मृतास भूमीच्या स्वाधीन करण्याची चाल आहे. वाढते शहर अशा भूमीच्या कुंपणाशी येऊन भिडले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आज मी आपणांस अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात नेणार आहे.

1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि त्या लहानशा बंदराला अवकळेतून भरभराट आली. माणसे आली तसे मृत्यूही आले. गावाच्या पश्चिमेस, वाळूच्या टेकड्यांवर, चार मोठ्या दफनभूमी स्थापन झाल्या : 1854 मध्ये पुढे ‘लॉरेल हिल’ म्हणून ओळखली गेलेली, 1860 मध्ये कॅथलिकांची ‘कॅल्व्हरी’, आणि 1864–65 मध्ये ‘मेसॉनिक’ व ‘ऑड फेलोज’. तेव्हा तिकडे वस्ती नव्हती. शतक संपता संपता ट्राम आली, घरे आली आणि जमिनीला भाव आला.

नगराचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाने 1900 साली ठराव केला की, पुढील वर्षाच्या ऑगस्टपासून शहराच्या हद्दीत दफन करू नये. आरोग्याचे कारण पुढे करण्यात आले. या ठरावाचा परिणाम मात्र नीट पाहिला पाहिजे. दफनभूमीचा खर्च नव्या जागांच्या विक्रीवर चालतो. ती विक्री थांबली, तशी देखभालही मंदावली. गवत माजले, दगड कलंडले, टवाळखोरांचा उपद्रव वाढला. मग 1914 मध्ये मंडळाने या जागा हलविण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्यांची दुरवस्था हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला! दफनभूमी ओसाड पडल्या म्हणून हलविल्या, असे सांगितले जाते. माझ्या मते त्या हलवावयाच्या होत्या म्हणून ओसाड होऊ दिल्या.

नातलग सहजासहजी नमले नाहीत. कज्जे चालले, वर्षे गेली. अखेर 1937 मध्ये मतदारांनी उरलेल्या दोन दफनभूमी, लॉरेल हिल व कॅल्व्हरी, हलविण्यास संमती दिली. कायद्याच्या बाजूने काही उणे राहिले नाही. कामही, जे करावयाचे ठरले तेवढे, अदबीने झाले. उत्खनन कुंपणाआड चाले. कॅल्व्हरीत धर्मगुरू हजर असत. लॉरेल हिलमधून सुमारे 35,000 आणि कॅल्व्हरीतून सुमारे 55,000 मृतांचे अवशेष शहराच्या दक्षिणेस, कोल्मा येथे नेण्यात आले. हे गाव 1924 साली मुख्यतः दफनभूमींच्या रक्षणासाठीच नगर म्हणून नोंदले गेले. तेथे जिवंत माणसे दीड हजारांच्या आसपास आणि मृत सुमारे पंधरा लाख.

पण दगडांचे काय? अवशेष विनामूल्य नेले गेले. थडग्यावरचा दगड न्यावयाचा तर खर्च कुटुंबाने करावयाचा, असा नियम होता. ज्यांचे वंशज पांगले होते, त्यांच्यासाठी पैसे कोण भरणार? बहुसंख्य मृत सामुदायिक भूमीत गेले आणि बेवारस ठरलेले दगड बांधकामास लागले. काही समुद्राच्या धक्क्यांत बसविले गेले, काही ब्युएना व्हिस्टा उद्यानातील पन्हाळींना. 2012 साली ओशन बीचवरची वाळू सरकली आणि 1890 मध्ये मृत्यू पावलेल्या एका स्त्रीचा दगड उघडा पडला. दगड समुद्रकाठी होता, माणूस कोल्म्यात.

गरिबांची, चिनी व इतर परदेशी मजुरांची जी सरकारी ‘सिटी सिमेटरी’ होती, तिची कथा अधिक कठोर आहे. चिनी संस्था आपल्या माणसांच्या अस्थी उकरून मायदेशी पाठवीत. त्यामुळे त्यांपैकी पुष्कळांची सोय झाली. बाकीच्यांच्या डोक्यावर गोल्फचे मैदान पसरले. 1993 मध्ये तेथील कलासंग्रहालयाचा विस्तार करताना शेकडो मृतांचे अवशेष निघाले.

ऑड फेलोज दफनभूमी पूर्ण रिकामी झाल्याचे मानले जात होते. 2016 साली त्या जागेवरील एका घराची दुरुस्ती चालू असता जमिनीखाली एक छोटी धातूची शवपेटी सापडली. आत सुमारे तीन वर्षांची मुलगी होती. हातात फुले, केसांतही फुले. तिला कोल्म्यास पुरले, तेव्हा नाव ठाऊक नव्हते म्हणून तात्पुरते दिले गेले. संशोधकांनी जुने नकाशे व दफनाच्या नोंदी चाळल्या, एका हयात नातलगाच्या रक्तसंबंधाची शास्त्रीय तपासणी केली, आणि वर्षभराने, 1876 मध्ये वारलेल्या त्या मुलीला तिचे खरे नाव परत मिळाले.