घोडेगावचा बाजार आणि भागीतल्या जनावराची जोखीम

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील गाव शुक्रवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारासाठी, विशेषतः म्हशींच्या खरेदी-विक्रीसाठी, ओळखले जाते. दुभत्या म्हशीची किंमत एकट्याने उभी करणे लहान शेतकऱ्याला व व्यापाऱ्यालाही जड जात असल्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रातील अशा व्यवहारांत भागीची पद्धत रुजली. तिचे दोन प्रकार ठळक आहेत. पहिल्यात दोघे-तिघे व्यापारी पैसा एकत्र घालून जनावरे घेतात व नफा वाटून घेतात. दुसऱ्यात, म्हणजे अर्धेलीत, जनावर एकाचे असते, चारापाणी व राखण दुसऱ्याची असते आणि वाढलेली किंमत किंवा वासरे निम्मी निम्मी होतात. नफ्याची वाटणी तोंडी बोलीत स्पष्ट असते. जनावर दगावले तर तोटा कोणी सोसायचा, हे मात्र बऱ्याचदा मोघमच राहते.

धर्मशास्त्राने हा प्रश्न मोघम ठेवला नव्हता. एकत्र येऊन केलेल्या उद्योगाला स्मृतींनी संभूयसमुत्थान म्हटले आणि व्यवहाराच्या, म्हणजे न्यायनिवाड्याच्या, अठरा पदांत त्याला स्थान दिले. याज्ञवल्क्याच्या नियमानुसार नफा-तोटा भांडवलाच्या प्रमाणात किंवा ठरलेल्या कराराप्रमाणे वाटला जाई. परंतु इतरांनी मनाई केली असताना, त्यांची संमती नसताना किंवा निष्काळजीपणाने एखाद्या भागीदाराने माल गमावला तर भरपाई त्या एकट्याने द्यायची, आणि संकटातून माल वाचवणाऱ्याला दहावा हिस्सा मिळायचा. अर्धेलीला जवळचा ठरतो तो मालक आणि गुराखी यांच्या वादाचा नियम: मनुस्मृतीप्रमाणे जनावर मेल्यास गुराख्याने त्याचे कान, कातडे, शेपटीचे केस इत्यादी अवयव मालकाला देऊन मृत्यूची खात्री पटवावी. मालकाच्या डोळ्यांआड जनावर मेले की पुराव्याचा प्रश्न उभा राहतो, हे त्या काळीही पुरते उमगले होते.

ब्रिटिश अमदानीत जबाबदारीची व्याप्ती वाढली. 1904 च्या सहकारी पतपेढी कायद्याने ग्रामीण संस्थांसाठी सर्वसाधारणपणे अमर्याद जबाबदारीचे तत्त्व स्वीकारले, म्हणजे संस्थेचे कर्ज थकल्यास सभासदाचे देणे त्याच्या भागापुरते मर्यादित राहत नसे. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम 25 नुसार पेढीच्या कृत्यांसाठी प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. त्यामुळे तीन भागीदारांच्या पेढीने चारा उधार घेतला असेल तर चारावाला संपूर्ण रक्कम त्यांतील कोणा एकाकडून मागू शकतो. त्या एकाने पुढे इतर दोघांकडून त्यांचा वाटा वसूल करावा, ही त्यांची आपसातली गोष्ट. याच कायद्याचे कलम 13 जाणीवपूर्वक केलेल्या हयगयीचे नुकसान हयगय करणाऱ्याकडून भरून घेण्याची तरतूद करते, म्हणजे याज्ञवल्क्याचा विचार नव्या भाषेत परत येतो. मात्र नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या हक्कासाठी दिवाणी दावा लावण्यावर कलम 69 मर्यादा घालते, आणि तोंडी भागीत नोंदणी क्वचितच असते.

भरपाईचा मार्ग विम्याने दाखवला, पण तो बराच उशिरा. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण 1973 च्या आरंभी अमलात आले आणि त्यानंतर ग्रामीण कर्जयोजनांच्या जोडीने गुरांचा विमा पसरला. 2005-06 मध्ये केंद्राने 100 जिल्ह्यांत पशुधन विमा योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. विम्यातही पुराव्याची जागा कानच आहे: कानातला बिल्ला आणि विमापत्रातला क्रमांक जुळल्याखेरीज दावा मान्य होत नाही, आणि जोडीला पशुवैद्याचा दाखला लागतो. विमा असलेले जनावर विकले तर उरलेल्या मुदतीचा हक्क नव्या मालकाच्या नावे करून घेण्याची तरतूद त्या योजनेत होती, आणि घोडेगावसारख्या बाजारासाठी ती फार मोलाची ठरते.

अडचण आहे ती नावाची. कर्जावर घेतलेल्या जनावराच्या विमापत्रात बँकेचा हक्क नोंदवला जातो. चारापाणी करणाऱ्या अर्धेलकऱ्याचा हिस्सा मात्र सहसा नोंदवला जात नाही. भरपाई विमापत्रातील नावाला मिळते, आणि वर्षभर राबलेल्या माणसाचा वाटा मालकाच्या सचोटीवर सोडला जातो. 2022 च्या लम्पी साथीत राज्य शासनाने दगावलेल्या दुभत्या गाईसाठी 30,000, बैलासाठी 25,000 आणि वासरासाठी 16,000 रुपये मदत जाहीर केली, तेव्हाही अर्धेलीतला पशुपालक नेमका कोण, हा प्रश्न सुटलेला नव्हता. कायद्याने तोट्याची जबाबदारी सर्वांवर टाकली आणि संरक्षण मात्र एकाच नावाला मिळाले, हा या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय आहे. तेव्हा भागीत जनावर घेणाऱ्यांनी इसार देण्याआधीच हिस्से, तोट्याचे प्रमाण आणि विमा कोणाकोणाच्या नावे उतरवायचा हे कागदावर उतरवावे, आणि विमा कंपन्यांनीही अर्जात भागीदाराच्या नावासाठी जागा ठेवावी.