शत्रूची अनामत

घर भाड्यानं घेताना आपण अनामत रक्कम देतो. ती परत मिळेल ना, ही धाकधूक असतेच. हा 'अनामत' शब्द आलाय अरबी 'अमानत'वरून. विश्वासानं सोपवलेली ठेव, असा त्याचा अर्थ. आजची गोष्ट अशाच ठेवींची.

साल 622, शहर मक्का. मुहम्मद पैगंबरांना लोक 'अल-अमीन' म्हणायचे, म्हणजे विश्वासू. बँका नव्हत्याच, त्यामुळे मक्केतले लोक मौल्यवान वस्तू त्यांच्याकडे ठेवायला द्यायचे. गंमत बघा, त्यांची शिकवण न पटणारेसुद्धा! पण विरोध पेटत गेला आणि कुरैश टोळीच्या म्होरक्यांनी त्यांना मारायचा बेत केला. पैगंबरांना शहर सोडावं लागलं.

आता विचार करा. स्वतःचं घरदार सुटतंय आणि घरात विरोधकांच्या वस्तू आहेत. भरपाई म्हणून ठेवून घेतल्या असत्या तर? पण इब्न इसहाकच्या जुन्या चरित्रात येतं, की ठेवी परत करायला त्यांनी चुलतभाऊ हजरत अलींना मागे ठेवलं. जीव धोक्यात घालून अली तीन दिवस मक्केत राहिले, ज्याची ठेव त्याला पोचवली, मगच मदिनेची वाट धरली.

चांगल्या वर्तनाला इस्लाममध्ये 'अखलाक' म्हणतात. ठेव मालकाला परत करा, असं कुराणही सांगतं. मालक मित्र असावा, अशी अट त्यात नाही.

तुमच्याकडे कुणाचं काही राहिलंय का? आठवून बघा. भेटू पुढच्या भागात!