हेडमास्तरांचे घर कोण चालवत होते?

शाळा आणि घर यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या बैठकांत हल्ली हमखास निघतो. उत्तर मात्र बहुधा वेळेच्या नियोजनापाशी येऊन थांबते. सकाळी लवकर उठा, कामे वाटून द्या, रविवारी फोन बंद ठेवा. सल्ला वाईट नाही, पण तो दुखण्याच्या मुळाशी जात नाही. हेडमास्तर हे पद महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात घडले. ते सांभाळणाऱ्याचे घर दुसरे कोणीतरी चालवील, नाहीतर त्याला चालवायला घरच नसेल, असे तेव्हा कोणी बोलून न दाखवता धरून चालले. इतिहास पाहिला तर प्रत्येक पिढीने या गृहीतकाची किंमत मोजलेली दिसते, आणि ती बहुतेक वेळा घरच्या माणसांनी मोजली आहे.

त्याआधीच्या पंतोजीपुढे हा पेच नव्हता. त्याची शाळा कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरे, मोबदला बराचसा धान्यात आणि सणावारी मिळे, आणि शाळेचा कारभार म्हणजे तो स्वतःच. हाताखाली मास्तर नाहीत, वर इन्स्पेक्टर नाही, भरायची पत्रके नाहीत. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले. इयत्तांची शाळा, हजेरीपट, तपासणी आणि तपासणीवर ठरणारे अनुदान हा सगळा व्यवहार त्यामुळे पसरला. या व्यवहाराला उत्तर देणारा एक माणूस लागतो, तो हेडमास्तर. शिकवणे हे त्याच्या कामाचा केवळ एक भाग झाले, आणि उरलेल्या कामाला घंटा वाजून सुट्टी होण्याची सोय नव्हती.

या पदाची किंमत काय, यावर पुण्यात जो वाद झाला तो आपण फार वेगळ्या नावाने लक्षात ठेवला आहे. 1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवा द्यायची, महिना सुमारे 75 रुपयांवर भागवायचे आणि बाकी सर्व संस्थेचे, हा आदर्श जेझुइट पाद्र्यांवरून घेतलेला होता. जेझुइट पाद्री अविवाहित असतात, ही गोष्ट मात्र हिशोबात धरली गेली नाही. पाच-सात वर्षांतच सभासदांचे संसार वाढले आणि पगारवाढीचा, बाहेरच्या कामाच्या कमाईचा प्रश्न उभा राहिला. संसाराच्या गरजा वाढल्या तर वेतनही वाढले पाहिजे, असे आगरकरांच्या बाजूचे म्हणणे. मूळ व्रत मोडू नये आणि सभासदांनी आपली सर्व शक्ती संस्थेलाच द्यावी, हा टिळकांचा आग्रह. 1890 च्या डिसेंबरात टिळकांनी राजीनामा दिला. हा तंटा आपण सुधारक विरुद्ध राष्ट्रवादी असा वाचतो, आणि तो तसा होताच. पण त्याच्या पोटात एक साधा घरगुती प्रश्न होता: शाळेला वाहून घेतलेल्या माणसाच्या बायकोमुलांचे काय? या प्रश्नापुरते मला आगरकरांचे म्हणणे अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्यांनी निदान तो कागदावर आणला.

पुढे काय झाले तेही पाहावे. वामन शिवराम आपटे आधी न्यू इंग्लिश स्कूलचे आणि मग फर्ग्युसन कॉलेजचे प्रमुख होते. संस्था चालवता चालवता त्यांनी संस्कृत-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि 1892 मध्ये, वयाची पस्तिशीही न गाठता ते वारले. त्यांच्या जागी आलेले आगरकर दम्याने जर्जर होते. 1895 च्या जूनमध्ये तेही गेले, चाळिशीच्या आतच. दोघांना कामाने मारले असे म्हणणे अतिशयोक्त होईल, त्या काळी माणसे तशीही लवकर जात. पण फर्ग्युसनचे पहिले दोन प्राचार्य पदावर असतानाच गेले, आणि मागे राहिलेल्या घरांचा इतिहास लिहायला फारसे कोणी बसले नाही.

तो एका घराचा लिहिला गेला, कारण त्या घरातल्या बाईंनी तो स्वतः लिहिला. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला. कॉलेजचे काम आटोपून पायी हिंगणे गाठणारे कर्वे आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. त्या पायपिटीच्या काळात घर ओढणाऱ्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. 1893 मध्ये त्यांनी कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि वाळीत पडण्याचा भार नवऱ्याबरोबर वाहिला. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात नवऱ्याच्या कामाबद्दल अभिमान आहे आणि संसाराकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल स्पष्ट तक्रारही आहे. कर्व्यांनी स्वतःच्या आयुष्याचा विमाही आश्रमाला देऊन टाकला होता. विमा हा विधवा होणाऱ्या बायकोसाठी असतो, आणि विधवांच्या आश्रमासाठी तो आपल्याच बायकोकडून काढून घेतला गेला, यातला विरोधाभास बायांच्या ध्यानात आला नसेल असे मानायला मी तयार नाही. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, शेवटी मंगळसूत्रही, विकल्याचे आपण अभिमानाने सांगतो. तिथे संस्थेचा खर्च सरळसरळ घरातून आला.

शाळेची प्रमुख जेव्हा बाई होती तेव्हा घर सांभाळायला बायको मिळणार नव्हती, म्हणून दुसरी वाट निघाली. सावित्रीबाई फुले 1848 मध्ये शिकवू लागल्या आणि लवकरच जोतीरावांसह त्यांना सासरचे घर सोडावे लागले. स्वतःचे मूल त्यांना नव्हते, यशवंताला त्यांनी पुढे दत्तक घेतले. हुजूरपागा ही मुलींची शाळा 1884 मध्ये सुरू झाली तेव्हा तिची सूत्रे मिस हरफर्ड या युरोपियन बाईंकडे होती. पंडिता रमाबाई विधवा होत्या आणि लेक मनोरमा लहान होती. शिकण्यासाठी, निधीसाठी देशोदेशी फिरताना तिला त्यांनी काही काळ इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातील भगिनींच्या हवाली केले. हीच मनोरमा पुढे आईच्या शाळेची प्रमुख झाली. बाया कर्व्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले विधवा, एका मुलाची आई. सेवासदनाच्या रमाबाई रानडे विधवा. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झालेल्या ताराबाई मोडक नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. कोसबाडच्या अनुताई वाघ बालविधवा. अपवाद निघतील, पण यादीचा कल कोणालाही दिसेल. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरीवर राहू न देण्याची रीत 1944 च्या कायद्याने मोडली. आपल्याकडे तसा नियम करायची गरजच पडली नाही, ते काम घरातल्या घड्याळाने केले. मुलींच्या हायस्कुलाची अकरा ते पाच ही वेळ घरकामाला अडचणीची आहे, असा आक्षेप 1887 मध्ये टिळकांच्या वृत्तपत्रातूनच आला होता. विद्यार्थिनीच्या वेळेबद्दल जर हे म्हणणे, तर मुख्याध्यापिकेच्या वेळेबद्दल वेगळे काय असणार?

यावर कोणी म्हणेल, या बायांना अशा पदाने मोकळीक दिली, कैद केले नाही. हे अगदी खरे आहे. केशवपनाच्या आणि माजघराच्या जगातून हिंगण्याला आलेल्या विधवेला शाळेची जबाबदारी म्हणजे दुसरा जन्मच होता. पण ज्या पदाची वाट प्रामुख्याने वैधव्यातून जाते ते सधवेला बंद आहे, हे त्याच वस्तुस्थितीचे दुसरे अंग आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: असा त्याग झाला नसता तर या संस्था उभ्याच राहिल्या नसत्या. बहुधा नसत्याच राहिल्या. सरकार हात आखडते घेत होते, समाज वर्गणी देताना दहादा विचार करी, आणि माणसांनी स्वतःला झोकून दिल्याशिवाय बहुजनांच्या पोरांना वसतिगृह मिळाले नसते. माझी हरकत त्या माणसांवर नाही. संस्था काढणाऱ्याचे नियम ती नुसती चालवणाऱ्याला जसेच्या तसे लावले गेले, आणि पायाभरणीच्या दिवसांची ओढाताण हीच पुढे नोकरीची रीत झाली, यावर आहे.

आता पगार शासन देते, सेवाशर्ती कायद्याने ठरल्या आहेत, मग रडगाणे कशाला, असा तिसरा प्रश्न येतो. 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने आणि त्याखालच्या 1981 च्या नियमावलीने पैशाचा आणि नोकरीच्या हमीचा प्रश्न बराच मिटवला. वेळेचा तसाच राहिला, उलट वाढला. शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, सरल आणि यू-डायसवरची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका, रात्री व्हॉट्सॲपवर येऊन उद्या सकाळपर्यंत मागितलेला अहवाल, या सर्वांवर सही एकाचीच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने अशैक्षणिक कामांना मनाई केली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळून. ज्या शाळांत कारकुनाचे पद नाही तिथे संगणकाशी बसलेला मुख्याध्यापक रात्री कोणाच्या वाट्याचा वेळ खर्च करतो, हे विचारायचे राहूनच जाते.

तेव्हा मुख्याध्यापकांना वेळ वाचवायच्या युक्त्या शिकवण्याआधी शासनाने आणि संस्थाचालकांनी प्रत्येक शाळेला एक लेखनिक द्यावा आणि शाळेच्या वेळेबाहेर माहिती मागणे बंद करावे. जुने गृहीतक अजून किती जिवंत आहे हे पाहायचे असेल, तर 2018 चा बालसंगोपन रजेचा शासन निर्णय वाचावा. महिला कर्मचाऱ्याला ही 180 दिवसांची रजा मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत मिळते. पुरुषाला ती मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच.