सहा धावांचा न्याय

गडहिंग्लज हे फुटबॉलचे गाव. तेथे एखादा सामना एका गोलाने हातचा गेला, की त्याचा निकाल मैदानावर संपत नाही. दिवेलागणीनंतर तो चहाच्या दुकानांत आणि घरोघरच्या ओसऱ्यांवर नव्याने लावला जातो. अमक्यास पुढे का धाडले नाही, तमक्यास मागे का ओढले, अशी कर्णधाराची व शिक्षकाची उलटतपासणी चालते, आणि बहुधा जो हरला तोच चुकला असे ठरते. ही न्यायपद्धती कितपत खरी, हे पाहावयाचे असेल तर याच मुलखात जन्मलेल्या दोन वीरांनी लढविलेला एक क्रिकेटचा सामना तपासून पाहावा. सांगलीचे विजय हजारे आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर हे ते दोघे वीर होत.

सन १९४९ च्या फेब्रुवारीत, ४ ते ८ तारखांस, मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर भारत व वेस्ट इंडीज यांचा पाचवा कसोटी सामना झाला. पहिले तीन सामने अनिर्णित राहिले होते व मद्रासचा चौथा वेस्ट इंडीजने डावाने जिंकला होता. १९३२ साली कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केल्यापासून भारताच्या पदरी एकही विजय नव्हता. पहिल्या डावात पाहुण्यांच्या २८६ धावांस भारताने १९३ धावांनी उत्तर दिले. दुसऱ्या डावात पाहुणे २६७ धावांत बाद झाले, आणि जिंकण्यासाठी भारतास ३६१ धावा हव्या होत्या.

येथे दोन कर्णधारांचे दोन निर्णय समोरासमोर उभे राहिले. भारताचे लाला अमरनाथ यांनी विजयाचा पाठलाग करावयाचे ठरविले. चौथ्या डावात याहून मोठी धावसंख्या उभारून सामना जिंकल्याचे उदाहरण तोवर एकच होते. लीड्स येथे १९४८ साली ऑस्ट्रेलियाने केलेल्या ४०४ धावांचे. शिवाय यष्टिरक्षक सेन जखमी होऊन बसलेले, म्हणजे हाताशी एक फलंदाज कमी. अवघ्या नऊ धावांत दोन गडी गेले, तेव्हा पुष्कळांना हे धाडस वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

तथापि हिशेब मांडून पाहावा. सामना अनिर्णित राखला तरी मालिका जाणारच होती. हरला तरी जाणारच होती. जिंकला तर मात्र मालिका बरोबरीत सुटणार होती आणि सतरा वर्षांचा उपवास फिटणार होता. ज्याला गमावण्यासारखे थोडे व मिळविण्यासारखे पुष्कळ, त्याने धाडस करावे हेच शहाणपण. अमरनाथ यांनी स्वतः ३९ धावा केल्या. पुढे रुसी मोदी व हजारे यांनी १३९ धावांची भागी रचली. मोदींनी ८६ व हजारे यांनी १२२ धावा केल्या, आणि अशक्य वाटणारे हाताच्या अंतरावर आले.

आता पाहुण्यांचे कर्णधार जॉन गॉडर्ड यांचा निर्णय. त्यांना विजयाची गरजच नव्हती. घड्याळ हाच त्यांचा उत्तम गोलंदाज होता. त्यांच्या संघाने वेळ काढण्याचा मार्ग धरला. अमुक वेळात अमुक षटके टाकलीच पाहिजेत असा नियम त्या काळी नव्हता. म्हणून त्यांच्यावर नियमभंगाचा आरोप टिकत नाही. ते हिशेबातही चुकले नाहीत. उणीव होती ती औदार्याची. तिची नोंद धावफलकावर होत नसली तरी लोकांच्या स्मरणात होते.

अखेरीस फडकर आणि गुलाम अहमद ही वस्तुतः शेवटची जोडी मैदानात उरली. फडकर ३७ धावांवर नाबाद होते. आठ बाद ३५५ झाल्या, सहा धावा उरल्या, आणि पंच जोशी यांनी षटकाचा एक चेंडू शिल्लक असतानाच, वेळेच्या किंचित आधी, खेळ संपल्याचे जाहीर केले. सामना अनिर्णित राहिला.

तेव्हापासून सारा दोष त्या एका चेंडूच्या माथी मारला जातो. पण एका चेंडूवर फार तर एक षटकार, आणि तोही बसताच असे नाही. पहिल्या डावातील ९३ धावांची तूट, दुखापत, आणि दिवसभर गळत गेलेली मिनिटे यांचा भार त्याहून कितीतरी अधिक होता. पंचांची चूक ती चूकच. परंतु शेवटची घटना डोळ्यांपुढे ठळक राहते म्हणून तीच एकमेव कारण ठरत नाही.

भारताचा पहिला कसोटी विजय अखेर १९५२ साली मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध नोंदला गेला, आणि त्या वेळी कर्णधार होते हजारे. मुंबईत सहा धावा झाल्या असत्या तर तो मान अमरनाथ यांचा झाला असता व त्यांचे धाडस दूरदृष्टी म्हणून गाजले असते. धावा झाल्या नाहीत म्हणून ते धाडस अविचार ठरत नाही. निर्णयाची पारख तो घेताना जे ठाऊक होते त्यावरून करावयाची असते, मागाहून जे घडले त्यावरून नव्हे. गडहिंग्लजच्या ओसरीवरील न्यायासनानेही, पराभूत कर्णधारास शिक्षा ठोठावण्यापूर्वी, या सहा धावांचे स्मरण ठेवावे.